सनद कुठे आहे?

‘सच्चर समितीच्या अहवालातच लिहिलंय,’ असं ठणकावून सांगणारी माणसं मला नेहमी भेटतात. अहवाल उघडून पाहिलेला माणूस क्वचित भेटतो. मदरशात किती मुस्लिम मुलं जातात, या एका प्रश्नावर आपल्याच बाजूचा एक वक्ता चार टक्के सांगतो, दुसरा तीन टक्के. मग समोरचा दोघांनाही खोटं ठरवून मोकळा होतो. २००६ च्या त्या अहवालात दोन्ही आकडे आहेत. शिकत असलेल्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे चार टक्के मदरशात आहेत. शाळेच्या वयातली सगळी मुस्लिम मुलं धरली, म्हणजे शाळेचं तोंडही न पाहिलेली मोजली, की हेच प्रमाण सुमारे तीन टक्क्यांवर येतं. छेद वेगळा, म्हणून आकडा वेगळा. ज्याच्या हाताशी शिक्षणाच्या प्रकरणातलं ते पान आहे, त्याला हे समजावायला अर्धं मिनिट पुरतं. ज्याच्या हाताशी नाही, तो आवाज चढवतो.

इतिहासाचं विकृतीकरण होतंय, अशी आपली तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण माझं भांडण आज विकृतीकरण करणाऱ्यांशी नाही. ते आपल्यातल्या लिहित्या-वाचत्या मंडळींशी आहे. लेख लिहिणारे, व्याख्यानं देणारे, पीएचडी करणारे, पीएचडी करवून घेणारे. ‘इतिहासात नोंद आहे’ असं आपण लिहितो. कुठल्या इतिहासात? कुणाची नोंद? कितवं पान? विचारलं की माणूस रागावतो, जणू त्याच्या इमानावरच शंका घेतली.

हे सांभाळायला साधन नाही, ही सबब आता चालणार नाही. झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर २००६ पासून फुकट उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या माणसांनी ते आपल्या गरजेसाठी तयार केलं. काम सोपं आहे. एखादा लेख इंटरनेटवर वाचताना ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखक, शीर्षक, नियतकालिक, तारीख आपोआप नोंदवली जाते. पुस्तकाचा आयएसबीएन टाकला की बहुतेक वेळा माहिती येते. पीडीएफ त्याच नोंदीला जोडता येते, टिपणं तिथेच लिहिता येतात, आणि लेख लिहिताना वर्डमध्ये संदर्भ टाकला की शेवटची सूची आपोआप तयार होते. एकच नोंद दहा कप्प्यांत ठेवता येते, प्रत दहादा करावी लागत नाही. गाण्यांच्या प्लेलिस्टसारखं.

‘हे इंग्रजीवाल्यांसाठी आहे हो,’ हे ठरलेलं उत्तर. अर्धं खरं आहे. रा. चिं. ढेरे यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक घ्या. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतो, स्कॅन केलेल्या पीडीएफमधून या सॉफ्टवेअरला काही वाचता येत नाही. सगळं हाताने भरावं लागतं. लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल. तीन-चार मिनिटांचं काम. फोनवर आलेला एक फॉरवर्ड पंधरा गटांत पाठवायला याहून जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्याला सापडतो.

दुसरं उत्तर मला जास्त टोचतं: ‘आपल्याकडे ही परंपरा नाही.’ परंपरा नाही? हदीस सांगणाऱ्याला पहिला प्रश्न काय विचारला जायचा? तू हे कुणाकडून ऐकलंस? त्याने कुणाकडून? ती साखळी म्हणजे इस्नाद. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, स्मरणशक्ती कशी होती, ज्याचं नाव तो घेतो त्याला तो भेटला तरी होता का, हे तपासण्यासाठी अस्माउर्रिजाल नावाचं एक आख्खं शास्त्र उभं राहिलं. इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत या साखळीची चर्चा आधी केली आहे, हदीस नंतर दिल्या आहेत. बगदादच्या इब्न नदीमने दहाव्या शतकात त्याला माहीत असलेल्या अरबी ग्रंथांची विषयवार सूची केली. ‘अल-फिहरिस्त’ तिचं नाव. तो पुस्तकांच्याच धंद्यातला होता. आणि मराठीत बघा. सनद, दाखला, हवाला, दस्तऐवज. पुराव्याविषयी बोलायला मराठीने शब्द घेतले ते अरबी-फारसीतून. वतनाची सनद ती हीच, इस्नादच्या घरातली.

अर्थात वारसा सांगून पोट भरत नाही. त्याच वारशाचे आपण आज काय करतो ते पाहा. ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, हे वाक्य पैगंबरांच्या नावावर खपवल्याशिवाय आपल्या एकाही शाळेचं स्नेहसंमेलन पार पडत नाही. इब्न जौझी यांनी ते बनावट हदीसच्या यादीत घातलं आहे, इब्न हिब्बान यांनी ते निराधार ठरवलं आहे. ज्यांनी ते निव्वळ कमजोर मानलं तेही त्याला सहीह म्हणत नाहीत. शिक्षणाचं महत्त्व सांगायला कुरआनात पुष्कळ आहे. पण ते शोधायला मुसहफ उघडावा लागतो, आणि चीनचं वाक्य तोंडपाठ असतं.

हदीसच्या शास्त्रात एका दोषाचं नाव आहे, तदलीस. मधल्या माणसाकडून ऐकलेली गोष्ट, त्याला गाळून, वरच्या माणसाकडून थेट ऐकल्यासारखी सांगायची. सांगणारा धडधडीत खोटं बोलत नाही, फक्त साखळीतली एक कडी लपवतो. मुहद्दिस अशांची नावं वेगळी काढून ठेवत.

आता आपल्या विद्यापीठांतले प्रबंध उघडा. एका संशोधक मुलाचं प्रकरण मी वाचत होतो. तळटीपेत फारसी तवारीख, पान क्रमांकासह. मुलाला फारसी येत नाही. विचारलं तर म्हणाला, ‘सर, आधीच्या प्रबंधात होतं.’ तो आधीचा प्रबंध काढला, तर तिथली टीप एका इंग्रजी पुस्तकातून उचललेली. त्या इंग्रजी पुस्तकाचं नाव दोन्ही सूचींत नाही. ही तदलीस आहे. यात मुलाचा दोष मी कमी धरतो. त्याच्या मार्गदर्शकांनी ‘सूची दीडशेच्या वर न्या’ एवढीच सूचना दिली होती. दीडशे कसली, पाहिलेली की ऐकलेली, हे त्यांना विचारायचंच नव्हतं.

इथे सॉफ्टवेअर माणसाला सुधारत नाही, हे उघड आहे. झोटेरोत खोटी नोंदही तितक्याच सुबकपणे बसते आणि सूचीत रुबाबात छापून येते. हल्ली तर चॅटजीपीटीकडून संदर्भ मागवतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी त्याने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात दाखल केले आणि पाच हजार डॉलरचा दंड खाल्ला. म्हणून मी प्रत्येक नोंदीला टॅग लावतो. ‘पाहिलं’ म्हणजे पुस्तक हातात घेऊन पान वाचलं. ‘अमक्यात उद्धृत’ म्हणजे मधली कडी आहे आणि ती कोण हे टिपणात लिहिलंय. ‘ऐकीव’ म्हणजे अजून शोधायचंय. टॅगला रंग देता येतो. ‘ऐकीव’ माझ्याकडे लाल आहे, आणि लाल नोंद लेखात जात नाही.

आता या साधनाशीच असलेलं माझं भांडण. ते ज्यांनी केलं त्यांच्या डोक्यात नाव म्हणजे पहिलं नाव आणि आडनाव. दलवाई, परकार, तांबोळी, बागवान यांचं निभावतं. पण श्रीगोंद्याचे शेख महंमद? दोन रकान्यांत भरले की सूचीत ‘महंमद, शेख’ होतात. जणू बाबांचं आडनाव महंमद होतं. मौलाना आझादांचं ‘आझाद’ हे तखल्लुस, ते आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. शाहीर अमर शेख यांचं खरं नाव मेहबूब पटेल. त्यांना कुठल्या अक्षराखाली शोधायचं? सच्चर समितीचं नाव दोन रकान्यांत पडलं, तर अहवालाचे लेखक कुणी ‘समिती, सच्चर’ होतात. उपाय आहे. नावाच्या रकान्याशेजारी एक छोटं बटण असतं, ते दाबलं की दोन रकान्यांचा एक होतो आणि नाव जसं आहे तसं राहतं. समित्या, संस्था, संत, शायर यांच्यासाठी ते वापरलंच पाहिजे. महंमद, मोहम्मद, मुहम्मद ही तीन स्पेलिंगं मात्र त्याला तीन वेगळी माणसं वाटतात. पुस्तकावर छापलंय तसंच लिहावं आणि सगळ्यांना एक समान टॅग लावावा.

सनावळीचा घोळ याहून मोठा. एखाद्या उर्दू पुस्तकावर साल हिजरी १३४५ छापलेलं असतं. ते तसंच तारखेच्या रकान्यात टाकलं की सॉफ्टवेअर त्याला इसवी सन १३४५ समजतं. विसाव्या शतकातलं पुस्तक बहमनींच्या काळाच्या आधी जाऊन पडतं! हिजरी १३४५ म्हणजे १९२६-२७. तारखेत इसवी सन घालावा आणि मूळ हिजरी, शके किंवा फसली साल खालच्या ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ठेवावं. ते टाकून देऊ नये, कारण रूपांतर चुकलंय का हे उद्या कुणाला तरी तपासायचं असेल.

आणखी एक. फुकट मिळतं म्हणून कुठलंही घेऊ नका. मेंडेलीही फुकट होतं. २०१३ मध्ये ते एल्सेव्हियर या बड्या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं. २०१८ मध्ये त्यांनी वापरणाऱ्याच्या संगणकावरची नोंदींची फाइल सांकेतिक करून टाकली, आणि ती थेट झोटेरोत नेण्याची वाट बंद झाली. कंपनीने सुरक्षेचं कारण दिलं. असेल. पण आपण वर्षानुवर्षं भरलेली वही आपल्यालाच उघडता येत नसेल, तर ती वही आपली कशी? झोटेरोचा कोड खुला आहे आणि सगळ्या नोंदी साध्या फाइलमध्ये काढून घेता येतात. ऑनलाइन जागा फुकटात फक्त ३०० एमबी मिळते. स्कॅन केलेली चार पुस्तकं ठेवली की भरते. पीडीएफ आपल्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, नोंदी तेवढ्या ऑनलाइन.

हे सगळं एकट्या माणसाच्या सोयीपुरतं असतं तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्यानंतरच्या संमेलनांच्या स्मरणिका, अध्यक्षीय भाषणांच्या पुस्तिका, चार अंकांत बंद पडलेली मासिकं आज कुठे आहेत? कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत. ती माणसं जातायत आणि मुलं घर रिकामं करताना गठ्ठे रद्दीवाल्याला देतायत. मराठी मुसलमान काय लिहीत होता, कशावर भांडत होता, याचा दाखला किलोच्या भावाने चाललाय. आणि आपण त्याच वेळी सभागृहात बसून विचारतो की मराठी साहित्याच्या इतिहासात आपलं नाव का नाही.

झोटेरोत सामाईक गट करता येतो, त्यात कितीही माणसं येऊ शकतात. मिरजेच्या माणसाने भरलेली नोंद महाडच्या माणसाला लगेच दिसते. पुस्तक कुणाकडे आहे, कुठल्या वाचनालयात आहे, मुखपृष्ठ फाटलंय का, प्रकाशकाचं पान आहे का, एवढं जरी लिहिलं तरी पुढच्याला ते शोधता येईल. याला ना अनुदान लागतं, ना ठराव, ना अध्यक्ष. संमेलनांच्या मंडपावर आणि हारांवर खर्च करणाऱ्या मंडळींना मी हे दोनदा सुचवलं. पुढच्या बैठकीत विषय घेऊ, असं दोन्ही वेळा उत्तर आलं. बैठका झाल्या, विषय आला नाही. म्हणून आता त्यांना विचारत नाही. ज्यांच्या घरात असा गठ्ठा आहे त्यांनी या रविवारी तो खाली काढावा, धूळ झटकावी आणि पहिल्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ व प्रकाशकाचं पान यांचे फोटो मला पाठवावेत. नोंद भरायचं काम मी करतो. पुस्तिका तुमच्याकडेच राहू द्या.