बोलका डबा

मंडईतल्या गलक्यात सध्या सगळ्यात खणखणीत आवाज कुणाचा असेल तर तो भाजीवाल्या मावशींच्या टोपलीआडच्या डब्याचा: ‘वीस रुपये प्राप्त झाले’. परवा मेथी घेताना लक्षात आलं, मावशी फोनकडे बघतच नाहीत. बघणार कशा? हात ओले, चष्मा घरी, समोर चार गिऱ्हाइकं, आणि त्यातलंच एखादं जुना स्क्रीनशॉट दाखवून सटकणारं. डब्याने नेमका हा घोर मिटवला. यूपीआय आलं 2016 साली. मंडईत ते रुजलं या आवाजामुळे, असं माझं ठाम मत आहे. केनियात 2007 मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा सुरू झाली तीही साध्या बटणांच्या फोनवर आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारांच्या हातून. स्मार्टफोनची वाट कुणी पाहिली नाही. उलट आमच्या वाण्याच्या गळ्यात कुणीतरी बिलिंगचं सॉफ्टवेअर मारलंय, त्या संगणकावर हल्ली उदबत्तीचे पुडे रचलेले असतात. छोट्या व्यापाऱ्याला ‘डिजिटल साक्षर’ करायला निघालेल्यांनी हे दोन्ही गल्ले बघून यावेत. उपयोग दिसला की तो आपला आपण शिकतो. खटकतं ते एकच. जानेवारी 2020 पासून यूपीआयने थेट खात्यात आलेल्या पैशांवर व्यापाऱ्याला शुल्क नाही, पण डब्याचं भाडं मात्र बऱ्याच ठिकाणी दरमहा गुपचूप कापलं जातं. मेथीच्या जुडीमागे दोन-तीन रुपये सुटणाऱ्या बाईकडून ते घेणं शोभत नाही. बँकांनी आणि कंपन्यांनी ते सरळ माफ करावं.