दोघांनी मिळून लंडनला जावे काय?



या सदरात आजवर मुलांचा अभ्यास, सासू-सुनेचे खटके, लग्नातली उधळपट्टी, दारूपायी मोडलेले संसार असे विषय येत राहिले. या वेळचा प्रश्न जरा निराळा आहे. खारदांड्यातील एका तरुण जोडप्याने तो विचारला. तो वायरमन, ती एका खाजगी दवाखान्यात कामाला. लग्नाला पाच वर्षे झाली. भिशी आणि ओव्हरटाइम यांतून दोघांनी थोडी थोडी शिल्लक टाकली आहे. त्या पैशांत त्यांना आठ दिवस लंडनला जायचे आहे. टूर कंपनीबरोबर नव्हे, तर पाठीवर एकेक पिशवी टाकून, स्वस्तातल्या होस्टेलमध्ये उतरून, बसने आणि पायी फिरून. बाबासाहेब जेथे राहिले, जेथे शिकले ती ठिकाणे त्यांना डोळ्यांनी पाहायची आहेत.

यावरून घरात दोन तट पडले आहेत. सासूबाई म्हणतात, "एवढ्या पैशांत पोटमाळा पक्का होईल." थोरले दीर म्हणतात, "जायचंच असेल तर त्यानं एकट्यानं जावं. निम्मा खर्च वाचेल. तिचं तिथं काय काम?" सून मला म्हणाली, "काकी, पैसे दोघांनी साठवले, मग जाणारा एकटाच का?"

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. जावे. दोघांनी जावे. मात्र कर्ज काढून जाऊ नये. आता कारणे सांगते.

आपला प्रवास आणि त्यांचा प्रवास

बाबासाहेबांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या त्या पुस्तिकेचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती 1990 साली प्रसिद्ध केली. त्यातील बरेच प्रसंग प्रवासात घडलेले आहेत, हे आपण कधी ध्यानात घेतले आहे काय?

1901 साली दहा वर्षांचे बाबासाहेब घरातल्या मुलांसोबत साताऱ्याहून गोरेगावला वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. जवळ भाकरी होती, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही.

1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तेव्हा राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी खानावळीत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. ओळखीच्या मित्रांकडेही आसरा मिळाला नाही.

1929 साली चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. आपल्याच एका माणसाने, हातात कधी लगाम धरला नव्हता तरी, टांगा हाकला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेब दगडांवर फेकले गेले.

1934 साली चळवळीतले तीसएक कार्यकर्ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर धावून आला. ती तर चक्क सहल होती! बुद्धाची लेणी पाहायला निघालेली सहल.

दुसऱ्यांच्या प्रवासवर्णनात डोंगर असतात, नद्या असतात, खाण्याचे पदार्थ असतात. आपल्या प्रवासवर्णनात गाडी मिळेल काय, पाणी मिळेल काय, रात्री पाठ टेकायला जागा मिळेल काय, एवढेच असे. म्हणून आपल्या वस्तीतील एक जोडपे स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या नावाने परमुलखात दोन खाटा राखून ठेवते, याला मी मिजास म्हणणार नाही. मसूरच्या स्टेशनवर जो प्रवास अडवला गेला तो पुढे नेणे म्हणजेच हे आहे.

लंडनमधील बाबासाहेब

बाबासाहेब 1916 साली अमेरिकेतून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 मध्ये एम. एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर, 1923 मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधावर डी. एस्सी.

हे सारे अर्ध्या पोटी झाले. घरमालकीण हात राखून वाढणारी. रात्री भूक लागली की एका ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून त्यावर कपभर दूध घेत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे. आपल्या जोडप्याला होस्टेलच्या खाटेवर पाव-केळी खाऊन झोपावे लागले, तर ही आठवण सोबतीला असू द्यावी.

काय पाहावे, कसे पाहावे

पहिला मान 10, किंग हेन्रीज रोड या घराचा. चॉक फार्म स्टेशनपासून ते चालत काही मिनिटांवर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब येथे राहिले, अशी पाटी भिंतीवर आहे. महाराष्ट्र शासनाने 2015 साली हे घर विकत घेतले आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला त्याचे स्मारक म्हणून उद्‌घाटन झाले. राहत्या वस्तीत संग्रहालय नको, अशी हरकत पुढे तेथे निघाली. चौकशी झाली आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयास परवानगी दिली. जाण्यापूर्वी उघडण्याची वेळ विचारून घ्यावी.

दुसरे ब्रिटिश म्युझियम. प्रवेश फुकट. मधोमध ते वर्तुळाकार वाचनालय आहे, जेथे बाबासाहेब सकाळपासून वाचत बसत. त्यांच्या आधी कार्ल मार्क्स याच वाचनालयात बसून गेला होता. पुस्तके आता सेंट पॅन्क्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली आहेत, पण वास्तू तीच आहे. याच म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. ही अमरावती आंध्रातली, विदर्भातली नव्हे. इंग्रजी अमलात ही शिल्पे तिकडे नेली गेली. आपल्या उपासकाने त्यांच्यापुढे दोन मिनिटे शांत उभे राहावे.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन ही दोन्ही ठिकाणे म्युझियमपासून चालत पंधरा-वीस मिनिटांत येतात. पहिल्या ठिकाणी बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. तो तेथील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांच्या महासंघाने 1994 साली भेट दिला. सेंट जेम्स पॅलेस बाहेरून पाहता येतो. गोलमेज परिषदेच्या बैठका तेथेच झाल्या आणि बाबासाहेबांनी आपले गाऱ्हाणे जगापुढे मांडले. रविवार हाती असेल तर चिझिकला लंडन बुद्ध विहार आहे. अनागारिक धर्मपालांनी 1926 साली स्थापन केलेला हा विहार 1994 पासून तेथे आहे.

बसमध्ये 2014 पासून रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागते. एक तासाच्या आत कितीही बस बदलल्या तरी भाडे एकदाच कापले जाते. नकाशा हाती घेऊन नीट आखणी केली, तर यात पुष्कळ बचत होते.

होस्टेलमध्ये एका खोलीत वर-खाली सहा-आठ खाटा असतात. कोठे बायकांची खोली वेगळी असते, कोठे सर्वांची एकच. आधी नीट विचारून मगच पैसे भरावेत. नवरा-बायकोला दोघांचीच खोली हवी तर जास्त पडतात. पुष्कळ ठिकाणी सामाईक स्वयंपाकघर असते. थोडे तांदूळ, मसूर, चटणी असली की एक वेळचे भागते. मटणाचे आणि दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत. आणि खारदांडेकरांनो, सुक्या बोंबलाचा मोह आवरा! आपल्याला तो सुगंध असला, तरी शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून तक्रार करायचा.

तेथे जातच नाही, अशा भ्रमात मात्र कोणी जाऊ नये. आपली माणसे तेथे गेली तशी जातही बोटीत बसून गेली. जातीवरून होणारा भेदभाव समानतेच्या कायद्यात आणावा, असे ब्रिटिश पार्लमेंटने 2013 मध्ये ठरवले होते. 2018 मध्ये सरकारने ते करण्यास नकार दिला. वूल्व्हरहॅम्प्टन, बेडफर्ड येथील पंजाबी आंबेडकरी बांधव या प्रश्नावर झगडत आले आहेत.

तिचे तिथे काय काम?

आता थोरल्या दिरांच्या प्रश्नाकडे येऊ.

बाबासाहेब अमेरिकेत होते तेव्हा, लंडनला होते तेव्हा, रमाई मुंबईत संसार ओढत होत्या. चार लेकरे त्यांनी मातीआड केली. रमाईंची प्रवासाची एक इच्छा आपल्याला ठाऊक आहे. त्यांना पंढरपूरला जायचे होते. जे पंढरपूर आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवते तेथे कशाला जायचे, असे सांगून बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. त्यांचे म्हणणे खरेच होते. पण रमाईंचा तो प्रवास राहिला तो राहिलाच. 27 मे 1935 रोजी राजगृहात त्यांचे निधन झाले. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे 1940 साली निघालेले पुस्तक बाबासाहेबांनी आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केले.

त्या काळी दोघांनी जाणे शक्यच नव्हते. एकाच्याच तिकिटाचे पैसे उसने घ्यावे लागत होते. आज शक्य असताना बाईला मागे ठेवायचे, तर ती गरिबी नव्हे, ती जुनी खोड आहे. जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की बायकोने नवऱ्याची मैत्रीण होऊन बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये. मैत्रिणीला घरी ठेवून कोणी सहलीला जातो काय? शिवाय तिने जे पाहिले ते ती मुलांना रोज सांगेल. पुरुष एकदा विहारात भाषण करील आणि विसरून जाईल. याचा राग येऊ देऊ नका, अनुभव सांगते.

आधी हिशेब, मग तिकीट

सासूबाईंचे म्हणणेही मी उडवून लावत नाही. एक पौंड म्हणजे शंभराहून अधिक रुपये. म्हणून तीन गोष्टी आधी बाजूला काढाव्यात: मुलांच्या शाळेचा वर्षाचा खर्च, घरातल्या आजारपणासाठी काही रक्कम आणि परत आल्यावर दोन महिन्यांचा किराणा. उरेल त्यात लंडन बसत असेल तर जावे. बसत नसेल तर आणखी दोन वर्षे थांबावे. व्याजाने पैसे काढून, दागिना गहाण टाकून जाणारा माणूस तेथे प्रत्येक घासाला रुपये मोजत बसेल.

पासपोर्ट मात्र आजच काढून ठेवावा, दोघांचाही. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टला पंधराशे रुपये लागतात आणि तो दहा वर्षे चालतो. उपनगरातल्या लोकांना अंधेरी आणि मालाडला केंद्रे आहेत. ब्रिटनचा व्हिसा युरोपातील इतर देशांच्या व्हिशाहून वेगळा काढावा लागतो. बँकेचे पासबुक, पगाराच्या पावत्या, कामावरून रजेचे पत्र आधी जमवावे. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. नक्की मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नये.

आणि रंगीत तालीम घरच्या घरी करावी. पाठीवर तीच पिशवी, त्यात आठ दिवसांचे कपडे घालून दोघांनी एका रविवारी बोरिवलीला कान्हेरीची लेणी चढावी. शंभराहून अधिक लेणी आहेत तेथे. भिक्खूंच्या खोलीतला दगडी ओटा पाहावा, म्हणजे होस्टेलची खाट गादीसारखी वाटेल. पाठीवर संसार घेऊन हिंडणे ही काही गोऱ्या पोरांची नवी टूम नव्हे. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके, एवढ्या आठ वस्तूंवर बुद्धाचे भिक्खू गावोगाव फिरले आणि धम्म देशोदेशी पोहोचला. पिशवी जड झाली की हा हिशेब आठवावा आणि जास्तीचे दोन ड्रेस काढून ठेवावेत.

परत आल्यावर पहिल्या रविवारी वंदनेनंतर दोघांनीही विहारात उभे राहून सांगावे. काय पाहिले ते सांगावेच, पण कोणत्या दिवशी किती पैसे लागले, कोठे फसगत झाली, काय नेले असते तर बरे झाले असते, हेही वहीतून वाचून दाखवावे. ती वही विहाराच्या कपाटात राहू द्यावी. पुढच्या जोडप्याला लागेल.

जयभीम.