ताशाच्या काड्या आणि माझं शहाणपण

गणपतीला संगमनेरला गेलो. घरात शिरल्या शिरल्या भाच्यानं उजवा हात पाठीमागे लपवला. मनगट सुजलेलं. काय झालं विचारलं तर गप्प. शेवटी ताईच म्हणाली, "तू पाठवलेल्या काठ्यांचा प्रताप!"

भाचा बारा वर्षांचा. गल्लीतल्या पथकात ताशा शिकतोय. जूनमध्ये त्यानं फोनवर काड्या मागितल्या. मी पुण्यात बसून नेटवर थोडं वाचलं आणि ड्रमसेटच्या '२बी' पाठवून दिल्या. हिशेब सोपा होता. सरावाला जड काडी वापरायची, मिरवणुकीत हलकी घ्यायची, हात आपोआप पळेल. थोडक्यात, जिमचं लॉजिक.

या नंबरांची गंमत अशी की आकडा जितका लहान तितकी काडी जाड. '७ए' पावणेचौदा मिलिमीटरच्या आसपास, '५ए' साडेचौदाच्या जवळ आणि '२बी' तब्बल सोळा. मूळ हिशेबात 'ए' ऑर्केस्ट्राचा, 'बी' बँडचा. म्हणजे मी एका पोराच्या हातात बँडवाल्या बाप्याची काठी दिली होती, तीसुद्धा वेगळ्याच वाद्याची.

पथकातल्या जुन्या ताशेवाल्या काकांनी ती हातात घेऊन तोलली आणि म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, ताशा वाजवायचाय, मिरच्या कुटायच्या नाहीत."

मग त्यांनी स्वतःची बांबूची बारीक काडी दाखवली. ताशाचं पान इतकं ताणलेलं असतं की काडी ते स्वतःच परत फेकतं. आपण तिला फक्त परत येऊ द्यायचं. काडी जड झाली की पोरगं मूठ आवळतं, आणि आवळलेल्या मुठीतला प्रत्येक झटका मनगटात जातो. पूर्वी चामड्याचं पान पावसात सैल पडायचं, ते शेकून ताणावं लागायचं. आता फायबरचं पान भादव्यातही ताठ असतं. मग एवढा जोर कशाला?

आता माझं मत सांगतो. सराव आणि मिरवणूक, दोन्हीला काडी एकच हवी. टेस्टिंग एका मशीनवर आणि प्रॉडक्शन दुसऱ्यावर केलं की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हात वजन लक्षात ठेवतो. ऐन वेळी ते बदललं की लय पुढेमागे होते. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होत असेल तर काडी नका बदलू, खालचा पृष्ठभाग बदला. जुना माऊसपॅड चालतो. मात्र त्यावर उसळी कमी मिळते, म्हणून शेवटचे आठवडे खऱ्या ताशावरच घालवावेत.

मोठ्या माणसानं ताकदीसाठी दहा मिनिटं जड काडी फिरवली तर माझी हरकत नाही. पण तो व्यायाम झाला, सराव नव्हे.

ढोलाच्या टिपरूचंही तेच. 'जड टिपरू म्हणजे दम' हा समज आपल्यासारख्या दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्यांना जास्त महागात पडतो. मनगटाला क्रेप बँडेज बांधून वाजवण्यात कसलं आलंय शौर्य?

घेताना एवढं बघा: काडी टेबलावर लोळवा, डगमगली तर वाकडी आहे. जोडीतल्या दोन्ही काड्या टेबलावर टिचकवून ऐका, आवाज सारखा यायला हवा. बांबूला पेराजवळ चीर नको. दहा मिनिटं वाजवूनही मूठ सैल राहिली तर काडी तुमची. आणि मिरवणुकीत एक जादा जोडी कमरेला असू द्या.

असो. यंदा भाच्यानं डाव्या हातात ध्वज धरला. "दुखतंय हे आधी का नाही सांगितलंस?" विचारलं तर म्हणाला, "सांगितलं असतं तर ताशा काढून घेतला असता ना, मामा."

सुजेपेक्षा ते जास्त लागलं. पुढच्या जूनमध्ये काड्या काकांसोबत जाऊन तो निवडणार, पैसे फक्त मी देणार.