माइक बंद ठेवायचा तर त्यानं ठेवावा

दापोलीत मुलीही मोबाइलवर बीजीएमआय, फ्री फायरसारखे गोळीबाराचे गेम खेळतात हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही, कारण त्या माइक बंद ठेवून खेळतात. आयडीला नाव मुलाचं असतं. माझ्या क्लासला येणाऱ्या एकीच्या आयडीच्या शेवटी चक्क ‘भाऊ’ आहे. बारावी झालेली, निशाणा असा की क्लासच्या पायरीवर बसणारी पोरं ‘हा भाऊ कोण रे?’ म्हणून एकमेकांना विचारतात. भाऊ आत बसून एक्सेलची शीट भरत असतो.

केळसकर नाक्यापासून चार पावलांवर माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. एमएस-सीआयटी, टायपिंग, शिवाय पावसाळ्यात वीज गेली की नुसत्याच गप्पा. मी स्वतः गेम खेळत नाही. पण वीज नसताना पोरं पायरीवर बसून जे बोलतात ते कानावर येतंच, आणि मुली जे बोलत नाहीत ते त्या मला नंतर सांगतात.

चुकून माइक सुरू राहिला आणि त्यातून मुलीचा आवाज आला, की आधी ‘ए, पोरगी आहे रे!’ होतं. मग दोन तट पडतात. एक ‘भांडी घासायला जा’ म्हणणाऱ्यांचा, दुसरा ‘इन्स्टा दे ना’ म्हणणाऱ्यांचा. दुसऱ्या तटातले सुरुवातीला फार गोड असतात. स्वतःचं हेल्मेट काढून देतात, चांगली बंदूक देतात, ती पडली की गोळ्यांच्या वर्षावात धावत येऊन रिवाइव्ह, म्हणजे पुन्हा उभी, करतात. इन्स्टा मिळालं नाही, की तेच पहिल्या तटात जाऊन बसतात आणि शिव्या मात्र मूळच्या लोकांपेक्षा घाण देतात. चांगली खेळली तर ‘हिचा भाऊ खेळतोय’, वाईट खेळली तर ‘म्हणून पोरींना घ्यायचं नाही’. तिनं खेळलेला डाव यात कुणी पाहिलेलाच नसतो. लाड करणाऱ्यानंही नाही आणि शिव्या देणाऱ्यानंही नाही.

हे सांगितलं की हमखास उत्तर येतं, ‘मॅडम, शिव्या मुलांनाही पडतात. गेममध्ये चालतंच ते.’ पडतात, मान्य. पण मुलाला शिवी पडते ती ग्रेनेड चुकीचा टाकला म्हणून. मुलीला पडते ती तोंड उघडलं म्हणून, ग्रेनेड हातात यायच्या आधी. मुलाची शिवी मॅच संपली की संपते. मुलीची तिच्या मागोमाग इन्स्टावर येते, तिथून क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

मुंबई-पुण्यात निदान शिव्या देणारा अनोळखी असतो. आमच्याकडे तो जालगावचा नाही तर गिम्हवण्याचा असतो, कॉलेजात मागच्या बाकावर बसतो, आणि त्याचा काका हिच्या बाबांना बाजारात रोज भेटतो. एक स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. मग मोबाइल जप्त होतो. कुणाचा? तिचा. त्यामुळे मुली तक्रार करत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं काढलेल्या शब्दांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे हे मी त्यांना सांगते. त्या मान डोलावतात. पोलीस ठाण्याची पायरी चढायच्या आधी घराची ओलांडावी लागते, आणि तिथंच सगळं अडतं.

पालकांना हा प्रकार मोबाइलचा वाटतो. मोबाइलचा असता तर बुद्धिबळात तो दिसला नसता. तिथं ना बंदूक, ना शिवी, प्रेक्षकही जाणकार म्हणवणारे. नागपूरची दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झी इथं टाटा स्टील स्पर्धा खेळली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. स्पर्धा संपल्यावर तिनं जाहीरपणे लिहिलं, की आपल्या डावांबद्दल लोक फारसं बोलतच नाहीत. बोलतात ते केस, कपडे आणि उच्चारांबद्दल. पुरुष खेळाडूचं मूल्यमापन त्याच्या खेळावरून होतं आणि आपलं भलत्याच गोष्टींवरून, असं तिचं म्हणणं होतं. विशेष म्हणजे हे लिहायला ती स्पर्धा संपेपर्यंत थांबली होती. आधी बोलली असती तर ‘हरते आहे म्हणून रडते’ म्हणायला मंडळी तयारच होती.

त्याच वर्षी दिव्या जागतिक कनिष्ठ मुलींची विजेती झाली आणि बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघानं सुवर्ण मिळवलं तेव्हा त्या संघात होती. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत तिनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. नागपुरात तिचं जंगी स्वागत झालं. छानच झालं. पण माझा प्रश्न त्याच्या दीड वर्ष आधीच्या दिव्याबद्दल आहे. तिच्याकडे विश्वचषक नव्हता तेव्हा तिच्या डावाकडे बघायला काय हरकत होती? आपल्याकडे मुलीला आदर मिळतो तो जग जिंकल्यावर. मुलगा तालुक्यात तिसरा आला तरी लोक त्याचा खेळ बघतात.

बुद्धिबळातलीच एक जुनी गोष्ट आपण मराठी लोक विसरलो आहोत. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर वयाच्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या. त्यांच्या आधी कुणी मुलगी त्या स्पर्धेत खेळली नव्हती. गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल रोहिणींच्या बाजूनं लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे स्वतः माजी विश्वविजेते. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून महिलांना वगळता येणार नाही, असा निर्णय त्यांना द्यावा लागला. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या मुली. मोठी वासंती पहिली राष्ट्रीय महिला विजेती, मधली जयश्री भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर, आणि धाकट्या रोहिणीनं हा दरवाजा उघडला. आज दिव्या खुल्या गटात पुरुषांसमोर बसते तेव्हा तिला कुणी ‘तू इथं कशी?’ विचारू शकत नाही, कारण तसा नियम आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक लख्ख दिसतं. १९७६ मध्ये अडवणूक नियमात होती. ती कागदावर होती, म्हणून कागदानं काढता आली. आता अडवणूक प्रेक्षकांत आहे आणि त्यांच्यासाठी कागदच नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. बुद्धिबळाच्या नियमांत प्रेक्षकानं डावात ढवळाढवळ केली तर त्याला सभागृहाबाहेर काढायचा अधिकार पंचाला आहे. पण ज्या प्रेक्षकांबद्दल दिव्या बोलत होती ते सभागृहात नव्हतेच, ते मोबाइलमध्ये होते. तिथं पंच नाही.

पंच नसला की काय होतं ते जगानं २०१४ मध्ये अमेरिकेत पाहिलं. गेममधल्या स्त्रीपात्रांवर टीका करणाऱ्या अनीता सार्कीशियन यांना गेमच्या चाहत्यांनी बलात्काराच्या, खुनाच्या धमक्या दिल्या. युटा स्टेट विद्यापीठातल्या त्यांच्या भाषणाला येणाऱ्यांवर गोळीबार करू, असा निरोप आला. तिथल्या कायद्यानुसार परवान्याचं पिस्तूल घेऊन येणाऱ्याला अडवता येत नाही असं कळल्यावर त्यांनी भाषण रद्द केलं. एका बाईनं व्हिडिओ गेमबद्दल मत मांडलं, एवढाच गुन्हा.

आपल्याकडे पायल धारे हिचं उदाहरण ताजं आहे. छिंदवाडा जिल्ह्यातली ही मुलगी गेम खेळून देशभर माहीत झाली. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान सात गेमर्सना भेटले, त्यांत ती एकटी मुलगी. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या नावानं एक अश्लील व्हिडिओ फिरवला गेला. तो बनावट असल्याचा निर्वाळा महाराष्ट्र सायबर विभागानं दिला. पण तोवर तो आमच्या पायरीपर्यंत पोचला होता. जी पोरं तिचे गेम बघून बंदुकीचा रिकॉइल सांभाळायला शिकली त्यांच्याच फोनमध्ये तो होता. मी फोन मागितला, तर ‘फॉरवर्ड आलंय मॅडम, आम्ही कुठं काय केलं?’

चाहत्याला वाटतं की ही गोष्ट आपली. आपण इतकी वर्षं त्या गोष्टीवर जीव टाकला, आता ही कोण नवी आली? हे गेमच्याही आधीचं आहे. माझ्या लहानपणी मी वाचनालयात इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मागायला गेले की ‘भावासाठी का?’ असं विचारलं जायचं. मला भाऊ नाही. वेताळाची नायिका डायना त्या काळात संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करत होती, पण ती वाचायला दापोलीतली मुलगी येईल हे काउंटरपलीकडे कुणाच्या मनात येत नव्हतं. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या वाचक गेल सिमोन यांनी नायकाला सूड घ्यायला निमित्त मिळावं म्हणून कॉमिक्समध्ये किती बायका मारल्या, लुळ्या केल्या त्यांची यादीच केली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. सिमोन नंतर स्वतः कॉमिक्स लिहू लागल्या आणि वंडर वुमनही त्यांच्याकडे आली. यादी करण्यापेक्षा तो जास्त चांगला जबाब होता.

सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात ई-स्पोर्ट्‌सला मान्यता दिली. चांगलं आहे. पण त्याचा सगळा रोख पैसे लावून खेळण्यावर. माइकवरून काय बोललं जातं, ते बघायला दिल्लीहून कुणी येणार नाही. ते इथंच बघावं लागेल, आणि मला वाटतं इथं ते दिल्लीपेक्षा सोपं आहे. मघाशी मी म्हटलं की आमच्याकडे शिव्या देणारा ओळखीचा असतो. त्याची दुसरी बाजू अशी, की त्याला खेळातून उठवणारेही त्याच्या ओळखीचेच असतात.

मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की वाडीवाडीत स्पर्धा होतात. क्रिकेट, कबड्डी तर आहेच, आता मंडळं मोबाइल गेमच्याही भरवतात. त्यांची पत्रकं माझ्याकडे टायपिंगला येतात. हॅक वापरल्यास टीम बाद. एम्युलेटर चालणार नाही. उशिरा आल्यास प्रवेश मिळणार नाही. आणि शेवटी, पंचांचा निर्णय अंतिम राहील. म्हणजे टीम बाद करायची ताकद मंडळाकडे आहे आणि ती वापरलीही जाते. गेल्या गणपतीत हॅक केल्याच्या नुसत्या संशयावरून एक टीम घरी पाठवली, भांडण झालं, तरी निर्णय फिरला नाही. बोलण्याबद्दल मात्र पत्रकात चकार शब्द नसतो. मुलींच्या टीम किती येतात असं मी एका कार्यकर्त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मुलींना आवड नसते.’ त्याच्या स्पर्धेत ‘भाऊ’ उपांत्य फेरीपर्यंत ऑनलाइन खेळला होता. अंतिम फेरी मंडपात, सगळ्यांसमोर होती, म्हणून नाव मागे घेतलं.

आईबाबांना माझं सांगणं एवढंच, की मुलगी काही सांगायला आली तर तिचा फोन हातात घ्या तो स्क्रीनशॉट बघायला, कपाटात ठेवायला नाही. ज्यानं पाठवला त्याच्या घरी जा. दापोलीत पत्ता शोधायला वेळ लागत नाही.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, यंदाच्या पत्रकात हॅकच्या नियमाखाली एक ओळ घाला: माइकवर किंवा मंडपात कुणाही महिला खेळाडूबद्दल अपशब्द काढल्यास पूर्ण टीम बाद. ‘पूर्ण’ हा शब्द ठेवा, म्हणजे बाकीचे तिघे चौथ्याला आपणच गप्प करतील. पत्रक माझ्याकडे आणलंत तर त्या ओळीचे पैसे मी घेणार नाही.