खोललेली गाडी म्हणजे भंगार नव्हे

राजेहो, सरकारी कागदावर गाडीच्या दोनच अवस्था आहेत. एक चालती गाडी, दुसरी भंगार. तिसरी अवस्था आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिली आहे. इंजिन लेथवाल्याकडे, दरवाजे भिंतीला टेकवलेले, नटबोल्ट बिस्किटाच्या डब्यात अन् बॉडी चार सागवानी ठोकळ्यांवर. गाडी मेलेली नाही, दवाखान्यात आहे. पण नियमाला ती दिसतच नाही. आज त्याच्यावर लिहितो. थोडं लांबेल, पण वाचा.

माझ्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आपण तिला फियाटच म्हणतो. वडिलांनी घेतलेली. घरातली लग्नं, बाळंतपणं, चिखलदऱ्याचा घाट, सगळं तिनं केलं. गेली चार वर्षं ती घरामागच्या शेडमध्ये खोललेली आहे. भेटेल तो विचारतो, "काहून हो, अजून जोडली नाही का?" त्याचं उत्तर एका वाक्यात होत नाही.

खोलणं सोपं असतं. दोन माणसं अन् पान्यांचा एक संच असला की आठवडाभरात गाडी जमिनीवर पसरते. जोडताना मात्र क्रम मोडून चालत नाही. जीपला खाली वेगळी चासी असते. फियाटला नसते, तिची बॉडी हीच तिची चासी. म्हणून खालचा पत्रा अन् दरवाज्याखालच्या पट्ट्या सडल्या असतील तर आधी त्या करायच्या. त्याही दरवाजे लावून, फट मोजत. नाही तर वेल्डिंगच्या तापानं बॉडी सूतभर ओढली जाते अन् मग दरवाजा जन्मात नीट लागत नाही.

मग इंजिन. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन. पण बोअर केलं की पिस्टन ओव्हरसाइज पाहिजे, क्रँक घासला की बेअरिंग अंडरसाइज पाहिजे. पिस्टन मिळाला तर रिंगा मिळत नाहीत. सामान कधी नागपूरहून येतं, कधी मुंबईहून, कधी एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या माळ्यावरून. हेडचे नट मधून सुरू करून बाहेर बाहेर जात आवळायचे, तेही एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत. एका कडेनं आवळत गेलं की हेड वाकतं अन् गॅसकेट जातं. समोरची काच बसवायची तर रबराच्या खाचेत सुतळी भरायची. एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून हळूहळू सुतळी ओढायची. रबराची कड आपसूक पत्र्यावर चढते. हे मला आमच्या मिस्त्रींनी करून दाखवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्यांचं म्हणणं, "भाऊ, गाडी खोलाले हात लागते, जोडाले डोकं लागते."

म्हणजे चार वर्षं लागणं हा आळस नाही. नोकरी सांभाळून, पैसे जमतील तसे, सामान सापडेल तसं हे काम होतं. घरी गाडी जोडणाऱ्या कोणालाही विचारा.

आता नियम पाहा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी पासिंगला दाखवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारचं हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला १०,००० झालं. मुदत उलटली की दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. गाडी चार वर्षं खोललेली राहिली तर ४८ महिन्यांचे २४,००० अन् वर नूतनीकरणाचे १०,०००. पर्यावरण कर आणखी वेगळा. या चार वर्षांत गाडी एक किलोमीटर चालली नाही, एक थेंब पेट्रोल तिनं जाळलं नाही, तरी मीटर चालूच.

बरं, मुदतीत नूतनीकरण करतो म्हटलं तर दाखवू काय? पोत्यात भरलेला गिअरबॉक्स? पासिंगला पूर्ण गाडी लागते. अन् जोडून झाली तरी नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ती दुसऱ्या गाडीवर चढवून अमरावतीला न्या, ५० किलोमीटर. अशा वेळी घरचेच म्हणतात, "द्या एकदाची कबाड्याला." कबाडी तर रोजच दारावरून जातो.

केंद्रानं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढले, ते चांगलं पाऊल होतं. नवी नोंदणी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुढच्या वेळी ५,०००. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोज वापरायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं अन् दुरुस्ती, एवढ्यापुरती बाहेर काढायची. ही बंधनं मला पूर्ण मान्य आहेत. अडचण वयाची आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली पाहिजेत. माझी गाडी २०३४ मध्ये बसेल. पद्मिनी हे नावच १९७० च्या दशकात लागलं, म्हणजे रस्त्यावर आलेल्या बहुतेक पद्मिनी अजून पन्नाशीच्या अलीकडेच आहेत. विसाव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत तीस वर्षं गाडी जिवंत कशी ठेवायची, याचं उत्तर नियमात नाही.

दुसरीकडे काय करतात? जर्मनीत गाडी ३० वर्षांची झाली अन् मूळ रूपात नीट राखलेली असली की तिला ऐतिहासिक गाडीची वेगळी नंबरप्लेट मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनी अशा गाडीला रस्ता कर अन् वार्षिक तपासणीतून सूट मिळू शकते. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे तिथे मालक सरकारला कळवू शकतो की माझी गाडी सध्या रस्त्यावर नाही. कळवलं की कर नाही, विम्याची सक्ती नाही. अट एकच, गाडी रस्त्यावर आणायची नाही. आपल्याला हेच हवं आहे. 'दुरुस्तीसाठी बंद' अशी एक नोंद.

काही जण म्हणतील, यात चोरीच्या गाड्या घुसतील. रास्त शंका आहे. मग नोंद करताना चासी नंबर अन् इंजिन नंबरचे फोटो घ्या, दरवर्षी पुन्हा मागा, जोडून झाल्यावर कसून तपासा. काही म्हणतील, जुन्या गाड्या धूर ओकतात. खरं आहे, या गाड्या रोजच्या वापरासाठी नाहीतच. महिन्यातून एखादा दिवस बाहेर काढायची परवानगी द्या, किलोमीटरची मर्यादा घाला. काही म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले. परतवाड्यात येऊन पाहा म्हणावं. इथं हा नाद मास्तरांना आहे, कास्तकारांना आहे, दुकानदारांना आहे. अन् या नादाचा पैसा कुठं जातो? लेथवाल्याकडे, डेंटरकडे, पेंटरकडे, सीट शिवणाऱ्याकडे. गावातला पैसा गावात राहतो.

आपल्याला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. आपली शकुंतला आठवा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन मूर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या रुळांवर १९९४ पर्यंत चाललं. सत्तर वर्षांवर. वाफेचं इंजिन ठरावीक काळानं खोलावंच लागतं, धुवावं लागतं, पुन्हा जोडावं लागतं. ते खोलून ठेवलं म्हणून भंगार झालं, असं कोणी म्हणालं नाही. म्हणून तर ते इतकं जगलं.

खरी घाई मात्र माणसांची आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली पद्मिनी टॅक्सी कायमची बंद झाली, कारण तिथं टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. टॅक्सी होत्या तोवर त्यांच्या मागणीवर सामान तरी बनत होतं. आता तेही आटत चाललं आहे. सामान उद्या लेथवर बनवून घेता येईल, पण आवाज ऐकून टॅपेट सांगणारा मिस्त्री लेथवर बनत नाही. त्यांच्या हाताखाली आता पोट्टे येत नाहीत, कारण पुढे काम राहील याची खात्री नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स आहे. तिथे वर्षातून पंधरा दिवस या जुन्या मिस्त्रींना बोलवा, मानधन द्या अन् एक जुनी गाडी पोरांकडून खोलून जोडून घ्या. ज्याला क्रमानं जोडता येतं, त्याला नव्या गाडीतही नेमका बिघाड सापडतो.

माझी मागणी तीन ओळींची आहे. विंटेजचं वय ५० वरून ३० वर आणा, वापराची बंधनं तशीच ठेवा. 'दुरुस्तीसाठी बंद' नोंद सुरू करा अन् त्या काळातला महिन्याचा दंड थांबवा. जुन्या मिस्त्रींना आयटीआयमध्ये शिकवायला बोलवा. पहिल्या दोन गोष्टी दिल्लीच्या हातात आहेत, म्हणून खासदारांना पत्र लिहितो आहे. तिसरी इथल्या इथं होऊ शकते, ती आमदारांना सांगणार आहे. सही करायची असेल तर सांगा.

अन् तुमच्या कोठ्यात अशी एखादी गाडी पडली असेल तर कबाड्याला हाक मारण्याआधी आरसी बुक काढून नोंदणीची तारीख पाहा. चासी नंबर अन् इंजिन नंबरचे फोटो काढून ठेवा. नटबोल्ट पिशव्यांत भरून प्रत्येकीवर कुठले ते लिहा. गावात जुना मिस्त्री असेल तर त्याला एकदा चहाला बोलवा अन् गाडी दाखवा. तो नुसता बोनेट उघडून सांगेल, हिच्यात अजून जीव आहे की नाही.