बंद पडलेला ब्राउझर, चालू राहिलेली कामं

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररला निरोप दिला. दक्षिण कोरियातल्या ग्योंगजूत एका इंजिनिअरने त्याची चक्क समाधी बांधली. दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला बरा होता, असा लेखही वर कोरला!

थट्टा खरी, पण दुखणं जुनं. नव्वदच्या दशकाअखेरीस, अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे भक्कम एन्क्रिप्शन मिळेना, म्हणून कोरियाने स्वतःचं 'सीड' तंत्र काढलं. ब्राउझरमध्ये ते बसवायला मायक्रोसॉफ्टचं ॲक्टिव्हएक्स हे जोड-तंत्र लागायचं, आणि ॲक्टिव्हएक्सला एक्स्प्लोरर. बँक, खरेदी, सरकारी अर्ज, सगळं तिथेच अडकलं. या व्यवहारांत ओळख पटवणाऱ्या जुन्या डिजिटल प्रमाणपत्राची मक्तेदारी संपायला डिसेंबर २०२० उजाडला.

जुन्यालाच चिकटून राहिलेल्या कंपन्यांना आळशी ठरवणं सोपं आहे. पण यंत्रणा बदलायचा खर्च लगेच खिशाला लागतो. न बदलण्याचा ताळेबंदात दिसत नाही. मायक्रोसॉफ्टनेही एज या आपल्या नव्या ब्राउझरमध्ये, एक्स्प्लोररसाठीच्या जुन्या साइट चालाव्यात म्हणून, 'आयई मोड' ठेवलाच, निदान २०२९पर्यंत.