पंधरा आणि पन्नास यांच्या मधली गाडी

पाच वर्षांतून एकदा मला माझ्या मोटारसायकलीची हँडलाखालची मान स्वच्छ पुसून, तीवर पातळ कागद धरून आणि त्या कागदावरून शिसपेन्सिल आडवी फिरवून, तिच्या सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेला क्रमांक सरकारदरबारी रुजू करावा लागतो. आणि 2023 सालच्या उन्हाळ्यात हा विधी पार पाडीत असताना कागदावर आकड्यांऐवजी नुसता काळा डाग उमटला, तेव्हा ज्या कामाचा मी दोन वर्षे तोरा मिरवीत होतो ते काम म्हणजे एका दस्तऐवजाची खाडाखोड होती, हे माझ्या ध्यानात आले. गाडी 1988 सालची यामाहा आरएक्स 100. हौसेच्या भरात मी तिचा सांगाडा वाळूच्या माऱ्याने पार पोलादापर्यंत सोलून काढला होता आणि त्यावर पावडर कोटिंग करवून घेतले होते; ते लेपन इतके जाड आणि एकजीव बसले की आकड्यांच्या खाचा त्याखाली बुजून गेल्या. निरीक्षक सज्जन होते. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, तोंडभरून कौतुक केले आणि मग म्हणाले, ‘‘काका, गाडी नव्यासारखी केलीत खरी, पण ही तीच गाडी कशावरून?’’

त्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मी त्यांच्याच समक्ष, रंग काढण्याच्या द्रावणाचे बोळे लावून आणि दाढीच्या जुन्या ब्रशाने ती जागा झाडून, तासाभरात दिले. दुसरे उत्तर अद्याप देतो आहे.

जुन्या जपानी मोटारसायकलींच्या छंदाला आपल्याकडे सांप्रत बरे दिवस आले आहेत. इंग्रज वळणाची एन्फील्ड, चेक कुळातली जावा आणि पोलंडच्या आराखड्यावरून बेतलेली राजदूत एवढ्यावरच ज्या देशाची दुचाकीची हौस अनेक वर्षे भागत होती, त्या देशात विदेशी सहकार्याची दारे किलकिली होताच 1983 साली राजदूत 350, 1984 साली इंड-सुझुकी, 1985 साली हीरो होंडा सीडी 100 व आरएक्स 100 आणि 1986 साली आमच्या पुण्याच्या बजाजने कावासाकीच्या सहकार्याने आणलेली केबी 100, अशी जी रांग लागली, तिने एका पिढीला गाडी म्हणजे काय असते हे नव्याने शिकवले. पहिल्या लाथेला सुरू होणारे इंजिन हा तोवर नशिबाचा भाग होता, तो आता यंत्राचा गुण ठरला. त्यांतल्या राजदूत 350 ची कथा सर्वांहून निराळी. यामाहाच्या आरडी 350 चा हा भारतीय अवतार. 347 सीसीचे दोन सिलिंडर आणि सहा गिअर त्याच्या पदरात जसेच्या तसे पडले, पण मूळच्या 39 अश्वशक्तीला इकडे आधी साडेतीसपर्यंत आणि पुढे 27 पर्यंत कात्री लागली, आणि पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक जाऊन त्या जागी ड्रम आला. पेट्रोलचा हिशेब ठेवणाऱ्या मध्यमवर्गाने तिच्याकडे पाठ फिरवली आणि दशक संपता संपता ती बंदही पडली. आज तिच्या मालकाला भर चौकात लोक थांबवून ‘विकणार का’ म्हणून विचारतात. पंचवीस वर्षांपूर्वी तीच गाडी भंगारवाला किलोच्या भावाने नेत होता.

बरे दिवस आले म्हणजे त्यांच्याबरोबर श्रीमंती खोडीही येतात. यंत्राचा एकूण एक भाग सुटा करून, प्रत्येक नटाला निकेलचा मुलामा चढवून, टाकीला कारखान्यातही कधी नव्हती एवढी झळाळी देऊन, गाडी दिवाणखान्यात अगर काचेआड उभी करावयाची आणि पाहुण्यांना ती दुरूनच दाखवावयाची, असा एक संप्रदाय आपल्याकडे रूढ होऊ लागला आहे. सांगाडा रंगवून बसलो तेव्हा मीही, कबूल करतो, त्याची दीक्षा घेण्याच्या बेतात होतो. या संप्रदायाशी माझे भांडण आहे. टाकीच्या दोन्ही अंगांना जिथे तीस वर्षे कुणाचे तरी गुडघे घासले आणि मूळ रंग झिजून खालचा पत्रा दिसू लागला, तो डाग घालवून टाकणे म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या समासातली टिपणे पुसून टाकण्यासारखे आहे. आणि यंत्र चालण्यासाठी केलेले असल्यामुळे, जे चालत नाही त्याचे जतन झाले असे म्हणण्यास मी तयार नाही.

यामाहा या घराण्याचा मूळ पुरुष, तोराकुसु यामाहा, हा दुरुस्ती करणारा कारागीर होता. 1887 साली जपानातील हामामात्सु गावच्या प्राथमिक शाळेतला परदेशी बनावटीचा ऑर्गन बिघडला, तो याने दुरुस्त केला, आणि दुरुस्त करता करता त्याची रचना समजली म्हणून स्वतःच बनविण्यास घेतला. त्यातून उभा राहिलेला वाद्यांचा कारखाना युद्धकाळात विमानांचे पंखे घडवू लागला, आणि युद्ध संपल्यावर त्या रिकाम्या यंत्रसामग्रीला काम हवे म्हणून 1955 साली तिथे पहिली मोटारसायकल तयार झाली. तीसुद्धा एका जर्मन गाडीच्या नमुन्यावर. गाडीच्या टाकीवर जे तीन चिमटे एकमेकांत गुंफलेले दिसतात, ते वाद्यांचा सूर लावण्याचे चिमटे आहेत, हे ठाऊक नसलेले यामाहाभक्त मी पुष्कळ पाहिले आहेत.

परंतु खरी गंमत चिन्हाच्या पलीकडे, इंजिनाच्या पोटात आहे. आपल्या संगीत नाटकाच्या पिटात जो ऑर्गन वाजत असे, त्यात वाऱ्याने थरथरणारी पितळी पट्टी म्हणजे रीड. आणि आरएक्सच्या टू-स्ट्रोक इंजिनात कार्बोरेटर व क्रँक यांच्या दरम्यान बसविलेला जो दरवाजा आहे, त्यातही पोलादाच्या, जाड कागदाएवढ्या पाती असतात आणि त्यांनाही रीडच म्हणतात. पिस्टन वर गेला की क्रँकच्या कोठडीत पोकळी निर्माण होऊन पाती उघडतात, पेट्रोल व हवेचे मिश्रण आत शिरते. पिस्टन खाली आला की दाबाने त्या मिटतात आणि मिश्रणाला परतीची वाट राहत नाही. मिनिटाला हजारो वेळा हा दरवाजा उघडतो आणि लागतो, आणि कुणी तो उघडण्याची तसदी घेत नाही. ऑर्गनवाल्याच्या नातवंडांनी बनविलेल्या गाडीचा श्वास रीडवर चालावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे असे मी सिद्ध करू शकणार नाही. पण मला तसे मानावयास आवडते.

ही पाती मी प्रत्यक्ष पाहिली ती 2019 च्या पावसाळ्यात. गाडी उभ्या जागी मंद चालेना आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा बारीक फवारा उलटा बाहेर येऊ लागला. माझे मिस्त्री सत्तरीला टेकलेले. त्यांनी कार्बोरेटर तीनदा धुतला, जेट ओठांत धरून फुंकून पाहिले, प्लग बदलला, आणि चौथ्या खेपेस काही न बोलता कार्बोरेटर बाजूला ठेवून त्यामागची, उतरत्या छपरासारखी दिसणारी रीडची चौकट काढली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. जिथे अंधार असावयास पाहिजे तिथे उजेडाचा एक ठिपका दिसत होता. एका पातीचा कोपरा, तांदळाच्या कणीएवढा, तुटून गेला होता. ‘‘साहेब, पाती मिळेल,’’ ते म्हणाले, ‘‘पण कणी कुठं गेली?’’ कणी पोटात राहिली तर एके दिवशी पिस्टन, भिंत, बेअरिंग, कशाचाही घास घेईल. म्हणून हेड उतरले, ब्लॉक उतरला, इंजिन सांगाड्यातून सोडवून दोघांनी ते उलटे धरले, आत रॉकेल ओतून हलवून हलवून ते पांढऱ्या फडक्यातून गाळले, आणि तिसऱ्या गाळणीस ती चकाकणारी कणी फडक्यावर आली. नवी पाती नाना पेठेत मिळाली. दुकानदाराने आधी ‘डुप्लिकेट’ पुढे केली आणि मिस्त्रींचे नाव सांगताच मागच्या कपाटातून जुन्या कागदात गुंडाळलेली काढून दिली. ब्लॉक तसाही उघडला होता म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात धाडून पाव मिलिमीटर बोअर वाढवून आणला. बोअर असे चारदाच वाढते. पिस्टनचे चारच ओव्हरसाइज असतात आणि प्रत्येक वेळी गाडीचे आयुष्य पाव मिलिमीटराने खर्ची पडते.

सांगावयाचे ते हे, की हा बिघाड चालत्या गाडीत उघडकीस आला. काचेआडच्या गाडीत तो कधीच आला नसता, आणि तिथे तिची अवस्था याहून वाईट झाली असती. उभ्या गाडीत क्रँकच्या दोन टोकांची रबरी सीले सुकून तडकतात; कार्बोरेटरात राहिलेले पेट्रोल उडून जाऊन जेटच्या भोकांत पिवळसर राळ बसते; टाकीच्या तळाशी गंज धरतो. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढून घेते, गाडी दीर्घकाळ उभी राहिली तर पाण्यासह तळाशी बसते, आणि 1988 सालच्या रबराला तर त्याची ओळखही नाही. (कोल्हापूर-सांगलीच्या ज्या उसाने माझे शिक्षण केले तोच ऊस मद्यार्करूपाने माझ्या टाकीत गंज पेरतो आहे, हे ऋण फेडून घेण्याची रीत म्हणावी काय?) यावर उपाय एकच: दर आठवड्यास टाकीतले पेट्रोल जाळणे, म्हणजे गाडी चालविणे. मी जे मत मांडतो आहे ते रसिकतेइतकेच रॉकेल आणि फडके यांवर आधारलेले आहे.

आता कायद्याकडे वळावयाचे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी, फी आणि पर्यावरण कर भरून फेरनोंदणी. दुचाकीची ही फी 2022 साली तीनशेवरून एक हजारावर गेली आणि 2025 साली वीस वर्षांवरील दुचाकीसाठी दोन हजारांवर. पैशाबद्दल माझी कुरकुर नाही. जुन्या गाडीने तपासणी द्यावी हे रास्तच आहे. परंतु दुसऱ्या टोकाला पाहावे. जुलै 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ हा दर्जा दिला, त्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे घालण्याची तजवीज केली, नव्या नोंदणीस वीस हजार व फेरनोंदणीस पाच हजार रुपये आकार ठरविला, आणि त्याच हुकुमाने अशी गाडी प्रदर्शन, शोभायात्रा, संशोधन, इंधन भरणे अगर दुरुस्ती यांखेरीज नित्य वापरासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई केली. म्हणजे पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत, पस्तीस वर्षे, गाडी नुसती ‘जुनी’; तिला कुठलाही मान नाही; आणि ज्या दिवशी मान मिळावयाचा त्या दिवशी तिचे पाय बांधावयाचे. दिवाणखान्यातला संप्रदाय आणि सरकार, दोघांचीही जुन्या यंत्राविषयीची कल्पना अखेर एकच ठरते, ती म्हणजे पाहण्याची वस्तू. जर्मनीत तीस वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीस पाटीवर ‘एच’ अक्षर मिळते आणि ती रस्त्यावर मोकळेपणी चालवता येते. इंग्लंडात चाळीस वर्षांवरील गाडीस रस्ताकराची व वार्षिक तपासणीची सक्तीही राहत नाही. इतकी मोकळीक मला नको. तीस वर्षांच्या गाडीस एक दर्जा द्यावा, तिची तपासणी कडक ठेवावी, वर्षाला किती किलोमीटर चालावी याची मर्यादाही घालावी. पण ती चालू द्यावी.

यावर धुराचा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. टू-स्ट्रोक इंजिनाच्या रचनेतच असे आहे की जळण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग सायलेन्सरवाटे निसटतो, तेलही जळते, आणि निळसर धूर मागच्याच्या नाकात जातो. आरएक्स 100 1996 साली बंद झाली, आणि पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेल्यावर त्या जातीच्या दुचाकी आपल्या रस्त्यांवरून उठल्या, याबद्दल मी शोक करीत नाही. रोज कचेरीत जाण्यासाठी कुणी ही गाडी वापरीत असेल तर त्याला मी मूर्ख म्हणेन. महिन्यास शंभर-दीडशे किलोमीटर, तेल मोजून घातलेले आणि कार्बोरेटर नीट लावलेला, एवढा धूर शहराने सोसावा असे माझे मागणे आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना हे मागणे मान्य नाही, आणि त्यांच्या खिडकीखाली मी गाडी सुरू करीत नाही. ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतो.

तिथून पुढे वाई, आणि वाईच्या पुढे पसरणीचा घाट. चढताना गाडी ओरडते, पण धोका उतरताना असतो. तेलाचा पंप थ्रॉटलशी जोडलेला असल्याने, हात मोकळा सोडून उतारावर गाडी घरंगळू दिली तर इंजिन जोराने फिरते आणि तेल मात्र थेंबभर पोचते. मग पिस्टन पकडतो, मागचे चाक जागच्या जागी अडकते, आणि डावा हात क्लचवर नसेल तर पुढचे वर्णन दुसऱ्याला करावे लागते. म्हणून दोन बोटे क्लचवर ठेवून, प्रत्येक वळणावर उजवा हात किंचित फिरवून तिला एक घोट द्यावयाचा, अशी उतरण्याची रीत मिस्त्रींनी मला शिकविली. गेल्या रविवारी खाली टपरीवर चहाला थांबलो असता एका तरुणाने गाडीकडे पाहून विचारले, ‘‘काका, रिस्टोअर कधी करणार?’’ टाकीवरचा गुडघ्याचा डाग त्याच्या नजरेत भरला होता. मी म्हटले, झाली आहे. त्याला ते पटलेले दिसले नाही. पुढची तपासणी 2028 साली आहे. हँडलाखालची मान मी आता उघडीच ठेवतो, तिथे नुसते ग्रीस लावतो.